उसनी वस्ती

आमच्या घराण्यात पंगतीत पहिलं पान कोणाचं, लग्नात आहेर आधी कोणाला, यावरून माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या आतड्यात कोणाची शी जाणार यावरूनही मानपान होईल, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. झालं. दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये, रविवारी दुपारी, श्रीखंड-पुरी खाता खाता झालं.

"मृणालला कोणाचं द्यायचंच असेल," विश्वासकाका अर्धी पुरी हवेत धरून म्हणाले, "तर ते माझं. घरात मी थोरला आहे."

यात थोरलेपणाचा काय संबंध, असं कोणी विचारलं नाही. बाबा वाटी चाटत राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बरोबर आहे भावोजींचं. आधी त्यांनाच विचारायला हवं होतं." आणि मला खुणेने सांगितलं, गप्प बस, रुसतील ते.

नीट सांगते. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, आणि दिवसातून किती वेळा पळावं लागतं ते विचारू नका. माझं ऑफिस नोएडाला. ब्लू लाइनवरच्या कुठल्या स्टेशनातलं टॉयलेट उघडं असतं आणि कुठल्या टॉयलेटाला कायमचं कुलूप असतं, हे मला मेट्रोवाल्यांपेक्षा जास्त माहीत आहे. स्टेरॉइडने तोंडाचा भोपळा झाला, तर सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, "अरे वा, हेल्थ बन गई!" अशा अकलेच्या लोकांत मी राहते.

डॉक्टर सहगलबाई मात्र सरळ बोलायच्या. "देखो बेटा," त्या म्हणाल्या, "पोटात जंतूंची एक अख्खी कॉलनी वसलेली असते. तुझ्या कॉलनीतले चांगले लोक घरं सोडून गेलेत, गुंड शिरलेत. आपण एखाद्या निरोगी माणसाच्या पोटातली वस्ती आणून तुझ्यात बसवून बघू." म्हणजे त्या माणसाची शी घ्यायची, धुऊन गाळून तिचं पाणी करायचं आणि दुर्बिणीच्या नळीने माझ्या आतड्यात सोडायचं. दर आठवड्याला एकदा, असं काही वेळा. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. जादू नाही. पण औषधं सगळी वापरून झाली होती. हे जमलं नाही तर सर्जन मोठं आतडं काढून टाकणार आणि पोटावर पिशवी लावणार. तारीखसुद्धा देऊन ठेवली होती, जानेवारीची.

मला ती पिशवी नको होती. पुढे सवय होते, माणसं नोकऱ्या करतात, पोहतात, लग्नं करतात, सगळं वाचलं होतं मी. तरी नको होती. माझं आतडं किडकं असलं तरी माझं होतं, आणि ते मला हवं होतं.

हॉस्पिटलात असला साठा नव्हता. दाता आपला आपणच आणायचा. आणि मग सुरू झाला आमच्याकडे दाता बघण्याचा कार्यक्रम.

काका शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेला राहतात. विमा कंपनीत मोठे साहेब आहेत आणि मोबाइलवर आलेले मेसेज वाचून वाचून आतड्यांचे तज्ज्ञ झालेत. त्यांच्या घरी खिडकीत काळ्या गाजराच्या आंबवलेल्या कांजीच्या बरण्या ओळीने उन्हाला ठेवलेल्या असतात. "जिवंत जंतू आहेत यात, जिवंत!" असं म्हणून येईल त्याला पेला भरून देतात. मागच्या हिवाळ्यात मलाही पाजली. चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलात सलाइन लावून पडले होते, आणि हे गृहस्थ पलंगाशी उभं राहून म्हणतात, "घाबरू नकोस, शरीर शुद्ध होतंय." शुद्ध! मला रक्त चढवत होते तेव्हा.

तर असे हे काका नेहरू जाकीट घालून, कपाळाला गंध लावून हॉस्पिटलात आले. सत्काराला आल्यासारखे. बरोबर लतिकाकाकू. आम्ही सगळे डॉक्टरांच्या खोलीत कोंबून बसलो. मधुमेहामुळे बाबा पहिल्याच प्रश्नाला बाद झाले होते, पण तेही सोबतीला होतेच, कारण आमच्याकडे कुठलीही गोष्ट एकट्याने करायची पद्धत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "पिछले तीन महीने में कोई एंटीबायोटिक ली है?"

"मॅडम," काका हसले, "मैं एलोपैथी को हाथ नहीं लगाता. शुद्ध सात्त्विक आहार. चाळीस साल से."

"अहो, ती घशाची?" लतिकाकाकू हळूच म्हणाली.

"ती वेगळी."

"आणि विमानात बसायच्या आधी घेता ती? आणि बाहेरचं जेवून आल्यावर घेता ती लाल-पिवळी?"

"लतिका, ती आपला केमिस्ट देतो! ते काय औषध आहे?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. समजावून सांगितलं की अशा गोळ्या वाईट जंतूंबरोबर चांगलेही मारतात, तीन महिने तरी असल्या माणसाचं घेता येत नाही, शिवाय वयही जास्त आहे. काकांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. एवढी मोठी शेखी मिरवली आणि शेवटी पोटात निघालं काय, तर केमिस्टचं दुकान! मला इतकं हसू आलं की हसता हसता पळावंच लागलं.

गाडीत बसेपर्यंत त्यांनी उलटा सूर लावला होता. "यांना क्वालिटी कळतच नाही." मग महिनाभर त्यांनी आमच्याकडे फोन केला नाही. आई बिचारी हळहळत होती, त्यांचा मान राहिला नाही म्हणून. मी म्हटलं, अगं, कशाचा मान? ती म्हणाली, "तुला नाही कळायचं."

मग माझा धाकटा भाऊ, मानस. गुडगावला असतो, तीन मित्रांबरोबर फ्लॅटवर. हॉस्टेलात वर्षानुवर्षं काहीही खाल्लेलं, रस्त्यावरच्या मोमोजपासून शिळ्या राजम्यापर्यंत, आणि कधी काही झालेलं नाही. मला त्याचा अगदी राग यायचा. मला लहानपणापासून उकळलेलं पाणी, धुतलेली फळं, आणि शाळेबाहेरच्या गोळेवाल्याचं तोंडही बघायचं नाही. पोट कोणाचं सडलं? माझं.

मानसचं रक्त तपासलं, शी तपासली, शंभर प्रश्न विचारले. सगळं उत्तम. डॉक्टर म्हणाल्या, "परफेक्ट डोनर." आईचे डोळे भरून आले. बारावीच्या निकालाला आले नव्हते इतके. आणि संध्याकाळी या बाईने काय करावं? पेढे वाटले. सोसायटीत. समोरच्या मिसेस अरोरांनी विचारलं, "किस खुशी में?" तर म्हणाली, "बेटे की रिपोर्ट अच्छी आई है." त्या बिचाऱ्यांनी प्रमोशन समजून अभिनंदन केलं. आणि बाबा सोफ्यावर बसून मिशीत हसत होते, जणू कर्तृत्व त्यांचं.

शुक्रवार ठरला. मानस आठवडाभर आधीच घरी येऊन राहिला, म्हणजे आईच्या हातचं साधं जेवण पोटात जाईल. तो नोव्हेंबर होता. दिल्लीचा नोव्हेंबर म्हणजे बाहेर धूर, आत धूर, खिडकी उघडली तर जळकट वास, आणि शहरभर एकच खोकला. मानसचा घसा बसला. नाक वाहायला लागलं. ताप नाही, काही नाही, आपलं दिल्लीकरांचं नेहमीचं. दोन-तीन दिवसांत आवाज सुटला आणि मी सुस्कारा टाकला.

शुक्रवारी सकाळी मी आणि मानस तयार होऊन बसलो. मी उपाशी, आदल्या दिवशी जुलाबाचं औषध पिऊन पिळून निघालेली, पण पहिल्यांदाच आशेवर. डॉक्टर आल्या, मानसला म्हणाल्या, तब्येत कशी आहे, मधे काही औषध वगैरे?

"नाही," मानस म्हणाला. "थोडा घसा धरला होता, आपोआप बरा झाला."

"आपोआप कसा?" आई पुढे झाली. चेहऱ्यावर काय कौतुक! "मी बरा केला. डॉक्टरसाहब, मैंने पूरा कोर्स दिया. एक भी गोली मिस नहीं की. तो घेत नाही ना गोळ्या, नखरे करतो, म्हणून रोज हळदीच्या दुधात चुरून दिली."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. ते टोपण बघूनच मला कळलं.

"पण तुमच्यासमोरच सांगितलं होतं मी," त्या म्हणाल्या. "भाईसाहबांच्या वेळी."

"हो, पण ते टेस्टच्या आधी," आई म्हणाली. "मानसचा रिपोर्ट आला ना चांगला? पास झाला ना तो?"

पास झाला ना तो! परीक्षा झाली, निकाल लागला, आता पुस्तकं विकली तरी चालतील. एम.ए. झालेली बाई आहे ही. केंद्रीय विद्यालयात शिकवायची.

कॉरिडॉरमध्ये मी तिला फाडून खाल्लं. माणसं थांबून बघत होती, बघू देत. म्हटलं, "तुला काडीची अक्कल नाही. लहानपणापासून हेच करत आलीस. शिंक आली की गोळी, खोकला आला की गोळी. फ्रिजवरचा तुझा तो निळा डबा! मधात चुरून चुरून भरवलंस मला. माझ्या पोटातलं सगळं तूच मारलंस. तूच मला आजारी पाडलंस." डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं की या आजाराचं कारण असं छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही, हजार गोष्टी असतात. ते मला माहीत होतं. तरी मी बोलले. मला कोणाला तरी बोलायचंच होतं.

बाबा म्हणाले, "मृणाल, हळू." मानस भिंतीला टेकून उभा होता, रडवेला. आणि आई पर्स छातीशी धरून उभी. ती पुन्हा डॉक्टरांच्या दारावर टकटक करून आत गेली, आणि तिच्या मागून मीही, अजून बरंच बोलायचं राहिलं होतं म्हणून.

"डॉक्टरसाहब," आई म्हणाली, "मेरा नहीं चलेगा क्या?"

डॉक्टरांनी चष्म्यातून वर बघितलं. मीही बघितलं. इतक्या महिन्यांत काका झाले, बाबा झाले, मानस झाला, एकदा तर जबलपूरच्या आतेभावाचंही नाव निघालं होतं. आईचं नाव कोणी घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ती प्रत्येक वेळी डबा आणि थर्मास घेऊन शेजारच्या खुर्चीवर बसलेली असायची.

"शुगर?"

"नाही."

"बी.पी.?"

"नाही."

"एंटीबायोटिक? पिछले तीन महीने?"

आई विचारात पडली. "कधी घेतल्याचं आठवत नाही," ती म्हणाली. "मानसच्या बाळंतपणात दिल्या असतील, तेवढ्याच."

मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस. अख्खा डबा भरून ठेवतेस."

"तो तुमच्यासाठी," आई म्हणाली. "मला कशाला लागतात? मी अंगावरच काढते."

मी आठवायला लागले. आई तापाने झोपलीय, असं चित्र काही केल्या डोळ्यांसमोर येईना. तिला ताप येतच नसेल, असं मी आजवर धरून चालले होते. खरं तर धरूनही चालले नव्हते, तो विचारच केला नव्हता.

आईचे सगळे रिपोर्ट चांगले आले. या वेळी पेढे वाटले नाहीत.

पहिल्या वेळी काही फरक पडला नाही. दुसऱ्या वेळेनंतर रक्त कमी झालं. तिसऱ्या वेळेनंतर एका सकाळी मी बाथरूममधून बाहेर आले आणि आईला म्हटलं, "आज नीट झाली." अठ्ठावीस वर्षांची घोडी, आईला शी नीट झाल्याचं सांगतेय! आणि ती कणीक मळता मळता रडतेय. मी त्या आठवड्यात ऑफिसला जाताना वाटेत एकदाही उतरले नाही. थेट नोएडा. खिडकीतून खालचा नाला बघितला. त्याचाही रंग त्या दिवशी मला बरा वाटला, यावरून समजा.

सहगलबाई मात्र हुरळल्या नाहीत. "अजून दोनदा तरी करायचंय," म्हणाल्या. "मध्येच सोडलं तर परत उसळू शकतं. सर्जनची तारीख मी रद्द केलेली नाही."

काकांचा फोन आला. कुठून तरी कळलंच होतं. "सांगत होतो ना, जंतूंचंच सगळं असतं! माझ्या कांजीने बेस तयार झाला, त्यावर तुझ्या आईचं बसलं." मी म्हटलं, "हो काका, तुमच्याशिवाय कसं जमलं असतं," आणि फोन ठेवून दिला. असल्या माणसावर थुंकीसुद्धा वाया घालवू नये.

चौथी वेळ गुरुवारची होती. मंगळवारी सकाळी आईने मला चहा दिला, तेव्हा कपाआधी तिची बोटं माझ्या हाताला लागली. कपापेक्षा तीच गरम होती.

"आई, तुला ताप आहे."

"छे. गॅसपाशी उभी होते."

मी कपाळाला हात लावला. भट्टी! तिला धरून बसवायला गेले तर कमरेत वाकली आणि "आई गं" म्हणाली. कधीपासून, विचारलं तर सांगेना. बाबांनी सांगितलं, शनिवारपासून लघवीला जळजळतंय, थंडी वाजून येते, मला म्हणाली मृणालला सांगू नका. आणि या गृहस्थांनी सांगितलं नाही! पेपर वाचत बसले. मला त्या पेपराची सुरळी करून कोणाला तरी बडवावंसं वाटलं.

खालच्या मार्केटातल्या डॉक्टरांना वर बोलावलं. त्यांनी पाठीला बोट लावलं तशी आई विव्हळली. इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलंय, म्हणाले. लघवी तपासायला पाठवली, आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या. पहिली आत्ताच द्या, संध्याकाळपर्यंत ताप उतरला नाही तर दाखल करा. मी त्यांना दारापर्यंत सोडताना विचारलं, गुरुवारपर्यंत थांबता येईल का? विचारलं मी. तोंडातून गेलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काकांच्याच जातीची आहे. "ये घर पे झेलने वाली चीज़ नहीं है," म्हणाले. म्हणजे अंगावर काढायची गोष्ट नव्हे.

मी सहगलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दवा दो, बेटा. तुरंत. आत्ता तसंही त्यांचं घेता येणार नाही." आणि मग तीन महिने. मानसचे तीन महिनेही फेब्रुवारीपर्यंत संपत नव्हते. सर्जनची तारीख जानेवारीची होती. "जानेवारीत काय होईल ते मी आज सांगू शकत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ऊठ. गोळी घे."

"गुरुवार होऊ दे."

"गुरुवार गेला खड्ड्यात. ऊठ."

"मृणाल, दोनच दिवस आहेत गं. मला सवय आहे." तिचे दात वाजत होते. "तुझं आत्ता कुठे बसायला लागलंय. मी आता काही चुकवायची नाहीये. एकदा चुकवलंय."

कॉरिडॉरमधलं माझं एकेक वाक्य ही बाई आत घेऊन बसली होती. मला इतका राग आला. तिचा, बाबांचा, त्या कांजीच्या बरण्यांचा, माझा तर सगळ्यांत जास्त. मी गोळी तिच्या ओठांशी नेली, तर तिने लहान मुलासारखे ओठ घट्ट मिटून घेतले.

ठीक आहे, म्हटलं. मी स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवरचा निळा डबा बाजूला सारून मागची मधाची बाटली काढली. वाटीत गोळी ठेवली आणि वरून पेल्याच्या बुडाने दाबली. चुरा झाला. तो मधात कालवला, चमच्याच्या टोकाने, कडेला लागलेला सगळा पुसून घेत. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी ते फक्त वर्षानुवर्षं बघितलं होतं, समोर आ करून बसून.

मी वाटी घेऊन आईच्या पलंगावर जाऊन बसले. तिची मान हातावर घेतली. केस घामाने चिकट झाले होते.

"आ कर."

तिने डोळे उघडून चमच्याकडे बघितलं. ओळखलं. "मग तुझं कसं गं?" ती म्हणाली.

"माझं मी बघेन," मी म्हटलं. "आ कर. सगळं. अर्धं गालात ठेवायचं नाही."

तिने तोंड उघडलं. मी चमचा आत घातला, आणि ती गिळेपर्यंत तिची हनुवटी धरून ठेवली.